नानांचा पहारा, दोन ते चार

आमच्या सामानाला आजवर कुठल्याही चोराने बोट लावलेलं नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही. उलट एखाद्याने लावलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. कारण एका लहानशा पोलीस चौकीच्या वहीत आमच्याकडे झालेल्या चोरीची रीतसर नोंद आहे, तिच्याखाली माझ्या सासऱ्यांची सही आहे, आणि ती सही मला काही केल्या पुसता आलेली नाही.

प्रवास अवघा चार दिवसांचा होता. माझा नवरा इमारतींचे फोटो काढतो. घर, दवाखाना, दुकान, जे कोणी बोलावेल त्याचे. एका तळ्याकाठच्या विश्रामगृहाने माहितीपत्रकासाठी त्याला बोलावलं, आणि दोन खोल्या रिकाम्याच आहेत तर घरच्यांनाही आणा, असं वर म्हणाले. माझी बाळंतपणाची ताणून ताणून लांबवलेली रजा संपायला दहा दिवस उरले होते. ठकी, म्हणजे आमची मुलगी, तेरा महिन्यांची. मी कामावर गेल्यावर तिला नाना सांभाळणार होते. नाना म्हणजे माझे सासरे.

नाना चौतीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर होते. गाडी यायच्या आधी फाटक लावायचं, गेली की उघडायचं, वहीत वेळ लिहून सही करायची. ऐकायला सोपं वाटतं, पण त्या नोकरीत खरं काम एकच, ते म्हणजे न झोपणं. चौतीस वर्षांत कामावर त्यांचा डोळा एकदाही लागला नाही. हे ते स्वतः कधी सांगत नाहीत. पाहुण्यांना आम्ही सांगतो, आणि तेवढा वेळ ते खिडकीबाहेर बघत राहतात. उठून मात्र जात नाहीत. ठकीची जबाबदारी घ्यायचं ठरल्यापासून त्यांनी तिचीही वही घातली होती. दूध दहा पाच. फळ अकरा चाळीस. झोप बारा वीस, आणि त्यापुढे एखाद्या दिवशी ‘पंचवीस मिनिटं उशिरा’ असा शेरा. मी जात्याच धास्तावणारी बाई. ठकी झाल्यापासून दाराची कडी लावल्यावर ती लागली का हे तीनदा बघते, आणि चौथ्यांदा नवऱ्याला बघायला लावते. तरी नानांवर मुलगी टाकून मी निर्धास्त जाईन, एवढी एकच गोष्ट माझ्या डोक्यात पक्की होती.

राहिलेली सगळी धास्ती मग एका करड्या बॅगेवर जाऊन बसली. त्या बॅगेत कॅमेरा, तीन लेन्स आणि लॅपटॉप. आमचं पोट त्या बॅगेवर चालतं. प्रवासात तिची काय व्यवस्था, असं मी नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, “खांद्याला असते की.” यावर एखाद्या शांत बाईने काय केलं असतं मला माहीत नाही. मी खालच्या मजल्यावर गेले.

खालच्या काकूंची पेटी अकरा वर्षांपूर्वी प्रवासात चोरीला गेली होती. तेव्हापासून चोरी या विषयात आमच्या इमारतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी मला बसवून सांगितलं की बॅग भारीतली दिसता कामा नये, आणि ती अशा जागी ठेवावी जिथे चोराला हात घालायची किळस येईल. मी जुन्या चादरीची एक खोळ शिवली. चादरीवर बदकं होती. माझा नवरा मोठमोठ्या मालकांच्या समोर बदकांची बॅग घेऊन उभा राहणार हे त्याला कळलं तेव्हा तो फक्त म्हणाला की चोराला नसेल, पण गिऱ्हाइकाला नक्की किळस येईल.

समोरचे निवृत्त मुख्याध्यापक त्याहून खोलात गेले. त्यांच्या मते चोर आधी पाळत ठेवतो. म्हणून मौल्यवान वस्तू एका जागी अर्ध्या दिवसाहून जास्त ठेवूच नये, आणि नवी जागा कोणालाही सांगू नये. घरच्यांना तर मुळीच नाही. घरचे बोलून बसतात. हे सांगताना त्यांनी स्वयंपाकघराकडे असं काही बघितलं की त्यांच्या घरात कोण कधी काय बोलून बसलं होतं हे विचारायचा मला धीर झाला नाही. वरच्या मजल्यावरच्या व्यायामवाल्याने साखळी सुचवली. दुकानदाराने साखळीऐवजी भोंग्याचं कुलूप गळ्यात मारलं. बॅग हलली की भोंगा वाजणार. ते जिन्यातच नवरा शिंकल्यावर वाजलं, सगळी इमारत दारात आली, आणि कुलूप त्याच संध्याकाळी परत दुकानात गेलं.

विम्याच्या कचेरीतही जाऊन आले. तिथल्या कारकुनाने कॅमेऱ्याचा आणि लॅपटॉपचा अनुक्रमांक मागितला. मी घरी येऊन ते सगळे आकडे भिंग लावून वाचले, सुबक तक्ता केला, आणि लॅपटॉपमध्ये जपून ठेवला. दुसऱ्या दिवशी कारकून म्हणाला की वस्तू चोरीला गेल्यावर हा तक्ता सादर करायचा. लॅपटॉप गेल्यावर लॅपटॉपमधला तक्ता कसा सादर करायचा, हे त्याच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही. पुढे तो म्हणाला की कुलूप तोडून झालेली चोरीच धरली जाते; विनातोडफोड झाली तर ती हलगर्जी. हलगर्जी हा शब्द मला लागला. मी सरळ उठून आले आणि पहाऱ्याचं वेळापत्रक केलं.

ते वेळापत्रक फार छान झालं होतं, हे आजही कबूल करावं लागतं. चार दिवस, दोन-दोन तासांचे रकाने, प्रत्येक रकान्यात एक नाव. बॅग असेल त्या खोलीत त्या वेळी त्या माणसाने हजर राहायचं. नवऱ्याने ते बघून कपाळाला हात लावला. नानांनी चष्मा लावून वाचलं, स्वतःच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि म्हणाले, “बरोबर आहे. पाळी बदलताना सही ठेव.” या घरात मला समजून घेणारं माणूस एकच होतं.

विश्रामगृहात पहिले दोन दिवस नवऱ्याने खोल्या, जिने, जेवणघर, तळ्यावरचा धक्का, सगळं टिपलं आणि लॅपटॉपवर उतरवलं. मी दर अर्ध्या दिवसाने बॅगेची जागा बदलत होते. पलंगाखाली, गाद्यांच्या मध्ये, न्हाणीघरातल्या उपड्या बादलीखाली, जादा पांघरुणांच्या खणात. पाळीवरच्या माणसाला अर्थातच सांगावं लागे. मुख्याध्यापकांचा नियम तेवढा मोडत होता, त्याची मला टोचणी होती. ठकीला नव्या जागी झोप लागत नव्हती, त्यामुळे मलाही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझ्या चहात साखरेऐवजी ठकीच्या दुधाची पावडर घातली, तिच्या दुधात चहाची साखर, आणि दोघींनाही ते आवडलं.

तिसऱ्या दिवशी काम संपलं. दुपारी दोन ते चार आम्ही तिघं तळ्याला फेरी मारून यायचं ठरलं. नानांचा गुडघा दुखत होता आणि त्यांची पाळीही तेव्हाच होती. बॅग त्यांच्या खोलीतल्या कपाटात. त्या कपाटाला कुलूप नव्हतं. कुलूप म्हणजे नाना. ते कपाटासमोर खुर्ची ओढून बसले, वेळ लिहिली, सही केली. निघताना मी म्हणाले, “नाना, कपाट.” त्यांनी मान हलवली.

चारला आलो तेव्हा ते तसेच बसले होते. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. मी कपाट उघडलं. आत दोन हँगर होते आणि नानांची छत्री.

त्यानंतर मी जे बोलले ते एकच वाक्य होतं. आवाजही चढवला नव्हता. पण तेच वाक्य परत घेता आलं असतं तर बाकी सगळं मी जसंच्या तसं सोसलं असतं.

“नाना, तुम्ही झोपला होतात का?”

नाना नाही म्हणाले. मग त्यांनी स्वतःच उठून छत्री बाजूला केली, जणू बॅग तिच्या मागे उभी असेल.

पुढच्या तासाभरात मी काय काय केलं ते थोडक्यात सांगते, कारण थोडक्यातही पुरेशी लाज वाटते. व्यवस्थापकांना मी त्यांच्या नोकरांची यादी मागितली. कपडे धुणाऱ्या बाईची टोपली उपडी करायला लावली. शेजारच्या खोलीतल्या नवविवाहित जोडप्याचं दार वाजवलं, ते उघडलं गेलं नाही, म्हणून पुन्हा वाजवलं. मग आम्ही चौकीवर गेलो.

चौकीतला लेखनिक शांत माणूस होता. बॅग शेवटची कोणी पाहिली, असं त्याने विचारलं. मी म्हणाले, मी, दीड वाजता, कपाटात. खात्रीने म्हणाले. डोळ्यांसमोर चित्र होतं, बदकांसकट. वस्तूंचे अनुक्रमांक त्याने मागितले, तेव्हा ते कुठे आहेत हे सांगताना माझा आवाज जरा खाली गेला. पण त्यानंतर खोलीत कोण होतं, असं विचारल्यावर मी वेळापत्रकच काढून दिलं. लेखनिकाने ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला की इतका टापटीप पुरावा फिर्यादी कधी आणत नाहीत. मला त्या परिस्थितीतही बरं वाटलं. एवढी मी मूर्ख आहे.

मग तो नानांकडे वळला. आजोबा, डोळा लागला होता का, असं त्याने अगदी मायेने विचारलं.

नाना म्हणाले, नाही.

जेवण झालं होतं, दुपारची वेळ, होतं असं माणसाचं, असं लेखनिक म्हणाला. नाना पुन्हा नाही म्हणाले. “मग बॅग गेली कुठून?” त्याने विचारलं. दुष्टपणे नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून.

नानांनी टेबलावरचं वेळापत्रक जवळ ओढून पुन्हा वाचलं. चौतीस वर्षं त्यांनी वहीवर विश्वास ठेवला होता, आणि आता वहीत, म्हणजे माझ्या वेळापत्रकात, त्यांच्या नावासमोर दोन ते चार लिहिलेलं होतं. “लागला असेल,” ते म्हणाले. “लागल्याशिवाय जाईल कशी.”

लेखनिकाने ते लिहून घेतलं. नानांनी वाचून बघितलं, सही केली आणि सवयीने खाली वेळ घातली. पाच वाजून वीस.

परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. नवरा व्यवस्थापकांशी बोलत बसला. मी ठकीला नानांच्या खोलीत पलंगावर ठेवलं आणि ओसरीवर उभ्या केलेल्या बाबागाडीतले घाणेरडे कपडे काढायला गेले. गाडीच्या खालच्या जाळीतून गाठोडं उचललं. गाठोड्याखाली बदकं होती.

एका क्षणात सगळं आठवलं. दीड वाजता नाना जेवणघरात हात धूत होते. बाराला बॅगेचा अर्धा दिवस भरला होता आणि मला उशीर झाला होता. मी ती कपाटातून काढली, किळस यावी म्हणून ठकीच्या माखलेल्या कपड्यांखाली गाडीच्या जाळीत सारली, पाच मिनिटांत दुसरीकडे हलवू म्हटलं. तेवढ्यात ठकी रडली आणि अंगणातून नवऱ्याने हाक मारली. ज्या दोन तासांत नाना कपाट राखत होते त्या दोन तासांत आम्ही ती बॅग तळ्याभोवती फिरवून आणली होती. गाडी जड लागतेय, असं नवरा वाटेत दोनदा म्हणालाही होता. मी त्याला म्हटलं होतं, मुलगी अंगात भरतेय.

मी बॅग उचलून पायरीवर ठेवली. आत जाऊन काय बोलायचं त्याचं वाक्य जुळवत होते. नाना, मीच. किंवा, नाना, एक गंमत झाली. गंमत हा शब्द बरोबर वाटेना. तेवढ्यात आत ठकी पलंगाच्या कडेला आल्याचा तिचा तो विजयी ओरडा ऐकू आला आणि मी धावले. नाना पलंगाशेजारीच उभे होते, दोन्ही हात पसरून, पण तिला हात न लावता. तिला घेऊन मी शांत केलं. चार मिनिटं लागली असतील.

बाहेर आले तर माळी बॅग डोक्यावर धरून अंगणातून चालला होता आणि मागे व्यवस्थापक, नवरा, कपडे धुणारी बाई, आणि शेवटी एकदाचं दार उघडलेलं ते नवविवाहित जोडपं. बॅग सापडली होती. चोराने पोलिसांच्या धाकाने पायरीवर टाकून पोबारा केला होता. व्यवस्थापकांनी मला आपण होऊन माफ केलं. चौकीवर फोन गेला, आणि लेखनिकाने निरोप दिला की बाईंच्या वेळापत्रकामुळे चोराची वेळ नेमकी हेरता आली.

मी काहीच खोटं बोलले नाही. मला बोलावंच लागलं नाही. सगळे इतके आनंदात होते, कपडे धुणारी बाईसुद्धा माझ्याकडे बघून हसली, आणि मी मनात म्हटलं, उद्या सांगू. फक्त नाना हसले नव्हते. बॅग बाहेर सापडली याचा अर्थ ती खोलीतून बाहेर गेली होती, आणि ती ज्यांच्यासमोरून गेली ते तेच होते.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला, मग एकदम थांबला आणि म्हणाला, “अगं, नानांना सांग.” मी म्हटलं, सांगते. दुसऱ्या दिवशी नाना आपण होऊन डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, या वयात दुपारची डुलकी चांगली. नाना ते शिक्षा ऐकल्यासारखं ऐकून आले. पाठ टेकायची खुर्ची सोडून स्टुलावर बसू लागले. ठकीच्या वहीत नोंदी थांबल्या. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले की चौकातल्या पाळणाघरात जाऊन ते सगळं बघून आलेत, जागा आहे, बाई स्वच्छ आहेत. मी म्हटलं, पण तुम्ही सांभाळणार होतात ना. ते म्हणाले, “पोरगी गॅलरीकडे गेली आणि माझा डोळा लागला, मग?”

तेव्हा मी सांगितलं. स्वयंपाकघरात, उभ्यानेच, एका दमात. बॅग चोरीला गेलीच नव्हती, मी ती गाडीत ठेवून विसरले होते, तुम्ही रिकामं कपाट राखत होतात, तुम्ही जागेच होतात.

नानांनी हातातला पेला खाली ठेवला. “तुझ्या नवऱ्याने असं सांगायला सांगितलं?”

“नाही हो नाना, खरंच असं झालं.”

“माळ्याला पायरीवर सापडली.”

“मीच ठेवली होती पायरीवर.”

“का?”

वाक्य जुळवत होते म्हणून. हे खरं उत्तर होतं आणि ते मी दिलंही. दिल्यावर माझं मलाच ते इतकं लंगडं वाटलं की मी नवऱ्याला हाक मारली. तो आला आणि म्हणाला, हो, गाडी फार जड लागत होती. नाना त्याच्याकडे बघून हसले. शाळेत असताना तो खोटी कारणं द्यायचा तेव्हा हसत असतील, तसे.

“तू मनाने चांगली आहेस, सूनबाई,” ते म्हणाले. “पण ठकीच्या बाबतीत माझं मन राखू नकोस. आणि मी सही केलीय.”

मी हार मानली नाही. चौकीवर फोन केला, माझी फिर्याद चुकीची होती, ती नोंद दुरुस्त करा म्हणून. लेखनिकाने आवाज ओळखला. म्हणाला, ताई, ‘मुद्देमाल परत मिळाला’ असं लिहून प्रकरण बंद झालंय. उघडायचं तर तुम्ही खोटी फिर्याद दिली असा वेगळा अर्ज तुम्हीच तुमच्याविरुद्ध करायचा. मी म्हटलं, करते. तो म्हणाला की आजोबांनाही आणावं लागेल, त्यांचा जबाब त्यांनाच बदलावा लागेल. नानांना विचारलं तर त्यांनी शांतपणे नकार दिला. पहिल्यांदा जे आठवत नव्हतं ते लिहून दिलं, ते म्हणाले, आता दुसऱ्यांदा नाही.

सोमवारी मी कामावर गेले, ठकी पाळणाघरात. आठवड्याने पाळणाघरातल्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की तुमचे सासरे रोज दुपारी दोनला खिडकीशी येतात, तासभर उभे राहतात, आणि जाताना मला विचारतात, जेवल्यावर तुम्ही झोपत नाही ना. असा जागरूक माणूस घरात असताना मुलीला इथे का ठेवता, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना सगळं सांगितलं, बदकांपासून बाबागाडीपर्यंत. त्या पोट धरून हसल्या. त्यांना शब्दन् शब्द पटला. खालच्या काकूंनाही पटला होता, मुख्याध्यापकांनाही, विम्याच्या कारकुनालाही. ज्याला सांगावं त्याला पटतं.

बाहेर नाना उभे होते. ठकीने त्यांना बघून हात वर केले. ती आता चालते, पण कोणाच्या तरी बोटाला धरून. रस्त्याला रहदारी होती. नानांनी तिचा एक हात धरला आणि थांबले.

“चला ना, नाना,” मी म्हटलं. “तुम्ही धरलंय की.”

“दुसरा हात तू धर,” ते म्हणाले. “माझ्या एकट्यावर नको.”

मी धरला. मग आम्ही रस्ता ओलांडला.